घाव मोजणारा पट्टा

तिचा हात प्रेसमध्ये गेला तेव्हा मी इतकी जवळ उभी होते की रक्ताचे शिंतोडे माझ्या चष्म्यावर उडाले. किंकाळी नंतर आली. आधी आला तो मशीनचा आवाज. पॉवर प्रेस पत्र्यावर आदळतो तेव्हा कोरडा, ठाम ठोका पडतो. दिवसभर ऐकून कान त्याची दखल घेईनासे होतात. या वेळचा ठोका मऊ होता. प्रेसचा जबडा खाली आला आणि तिथेच अडकला. वर गेलाच नाही.

मानेसरच्या एका कारखान्यात हे घडलं. गाडीच्या दरवाजांना लागणाऱ्या बिजागऱ्या आणि कड्या तिथे बनतात. मी त्या कारखान्याची नोकर नव्हे. गुरुग्रामच्या एका लहान कंपनीत मी सेन्सर बनवते. आमचे सेन्सर त्या कारखान्यात नुकतेच लावले होते, म्हणून काही आठवडे मला रोज तिथे जावं लागत होतं. मयूर विहारहून मेट्रोनं गुरुग्राम, आणि तिथून कामगारांची ने-आण करणारी बस.

सेन्सर म्हटलं की लोकांना हात पुढे केल्यावर आपोआप सुरू होणारा नळ आठवतो. आमचे सेन्सर त्याहून पुष्कळ लहान आणि पुष्कळ हुशार असतात. मसुराच्या डाळीएवढ्या तुकड्यात हालचाल, धक्का, थरथर ओळखणारे भाग बसवलेले असतात आणि त्यांच्या शेजारीच एक इवलासा मेंदू. तो मेंदू शिकतो. तुमचा हात रोज कसा हलतो हे त्याला काही दिवसांत कळतं आणि एखाद्या दिवशी तो वेगळा हलला तर तेही कळतं.

असा तुकडा आम्ही मनगटावर बांधायच्या पट्ट्यात बसवला होता. माझी मुलगी दिल्लीतच वाढली. पहिल्यांदा तो पट्टा घालून मी घरी आले तेव्हा तिनं विचारलं, "आई, तुझ्या कलाईवर हे काय आहे?"

"मनगट म्हण," मी म्हटलं.

"हां, तेच. काय आहे ते?"

"हात थकला की सांगतं."

"पण हात थकला तर तो आपल्यालाच कळतो ना, यार."

नेमकं तेच कळत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं होतं. प्रेसवर काम करणाऱ्याचा हात तो थकलाय हे त्याला कळण्याआधीच थकतो. हालचालीत बारीक कंप येतो, हात आत जायला आणि बाहेर यायला किंचित जास्त वेळ लागतो, आणि बोटं जातात ती त्या किंचित वेळात. पट्टा तो कंप ओळखेल, मनगटावर थरथरेल, कामगार पाणी प्यायला उठेल, बोटं वाचतील. थकवा ओळखणारा भाग मी लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

कारखान्याच्या व्यवस्थापकांनी पट्टे घेतले आणि मग एक वाढीव मागणी केली. हात मंदावला की तेही कळतंच ना? मग ते सुपरवायझरच्या टॅबलेटवर दाखवा. आमच्या प्रमुखांनी बिलकूल आढेवेढे न घेता ते करून दिलं. तेव्हापासून पट्टा थरथरला की कामगार पाणी प्यायला उठेनात. हात उलट जोरात चालवू लागले. पट्टा दुसऱ्याच्या हातात देऊन कोणी विडी ओढायला जाऊ नये म्हणून त्याला चुंबकाची कळ बसवली गेली. शिफ्ट संपल्यावर गेटवरच ती उघडायची. कामगार पट्ट्याला हथकडी म्हणायचे.

जिचा हात गेला ती इटावाकडची. पंचविशीची, एका लहान मुलीची आई. बसमध्ये माझ्या शेजारी बसायची आणि माझ्या हिंदीची नक्कल करायची. "दीदी, आप हर बात के पीछे 'ना' लगाती हो." पट्ट्याबद्दल म्हणायची, "ये मेरी सास से ज़्यादा टोकता है." असं म्हणून मनगट कानाशी न्यायची, जणू सासू आतून काही बोलतेय, आणि सगळी बस हसायची.

तिच्या शेजारच्या प्रेसवर एक सिवानचा माणूस होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा आणि लगेच भडकणारा. पट्ट्याला कळ बसली त्या दिवशी त्यानं सुपरवायझरची कॉलर धरली होती. चौघांनी मिळून त्याला बाजूला केलं होतं. मलाही त्याची भीती वाटायची. माझ्याकडे तो असा बघायचा की जणू त्याच्या मनगटातलं रक्त मीच पितेय.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी दोन उभ्या पट्ट्या असतात. त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. हात आत असेल तर किरण अडतात आणि प्रेस खाली येतच नाही. हा पडदा आमचा नव्हता, तो मशीनबरोबरच आलेला. पण तेलाच्या वाफेनं, पत्र्याच्या चमकेनंही तो अडायचा आणि मशीन उगाचच थांबायचं. म्हणून सुपरवायझर चावी फिरवून तो बंद ठेवायचा. हे चोरून चाललेलं नव्हतं. चावी सगळ्यांसमोर फिरवली जायची. त्या सकाळीही मी त्याला म्हटलं होतं, "पडदा चालू करा."

"मॅडम, आप अपना पट्टा देखिए," तो म्हणाला. "माल मुझे देना है." त्याच्याही मनगटावर पट्टा होता. त्याचाही टॅबलेट वरचं कोणीतरी बघत होतं.

आणि दुपारच्या जेवणाआधी तिचा हात गेला.

तिची किंकाळी मी कधीच वर्णन करू शकणार नाही आणि मला करायचीही नाही. ती गुडघ्यांवर कोसळली, पण हात वर अडकलेला असल्यामुळे पूर्ण खाली पडू शकली नाही. मनगटाच्या वर, दंडापर्यंत सगळं ठीक दिसत होतं. बांगड्या होत्या. मनगटाच्या पुढे लोखंड होतं. कोणीतरी वीज बंद केली. पण वीज बंद केल्यानं प्रेसचा जबडा वर जात नाही; तो जिथे रुतलाय तिथेच राहतो. माणसं धावत आली आणि नुसती ओरडत राहिली.

सिवानचा माणूस ओरडला नाही. त्यानं भिंतीशी पडलेली लोखंडी पहार उचलली, प्रेसच्या बाजूच्या मोठ्या चाकाच्या आऱ्यांमध्ये खुपसली आणि एकाला म्हणाला, "पकड़." मग घण उचलला. ते चाक उलट फिरलं तरच जबडा वर जाणार होता. त्यानं पहारेवर घणाचा घाव घातला. मशीन हादरलं, ती किंचाळली. दुसरा घाव. प्रत्येक घावाचा धक्का लोखंडातून तिच्या हातात जात होता आणि प्रत्येक घावाला तिचं सबंध शरीर उडत होतं. मी तिचं डोकं माझ्या पोटाशी धरून ठेवलं होतं. ती त्याला शिव्या देत होती, "मत मार, मत मार रे," असं म्हणत होती. तो रडत होता आणि मारत होता. किती घाव पडले ते मी मोजले नाहीत. चाक अखेर कुरकुरत सरकलं, जबडा वर उचलला गेला, आणि जे बाहेर आलं त्याला हात म्हणता येत नव्हतं.

हात ओढणीत गुंडाळून तिला उचलून नेलं. सुपरवायझर तिथेच उभा होता, चेहरा पांढराफटक. त्यानं तोंड उघडलं आणि दुसरं काहीही बोलायचं सोडून म्हणाला, "हाथ अंदर डाला क्यों इसने?"

सिवानच्या माणसानं घण खाली टाकला. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं; त्याच्या हातात तेव्हा काहीही नव्हतं. मग त्यानं सुपरवायझरच्या तोंडावर एक ठोसा हाणला. सुपरवायझर पाठीमागे टेबलावर पडला. सिवानचा माणूस वळला आणि तिला नेलं त्या दिशेला धावत गेला. तो परत त्या शेडमध्ये आला नाही.

बाकीचे मात्र होते. इतके आठवडे मनगटावर थरथरत राहिलेलं सगळं एकदम बाहेर पडलं, असं मला वाटतं. पण तेव्हा असलं काही सुचत नव्हतं. चेहऱ्यांवर गमछे बांधले गेले, लोखंडी गज उचलले गेले. आधी कॅमेरे फुटले. मग ऑफिसच्या काचा. काहीजण प्रेसच्या कडेवर मनगट आपटून आपटून पट्टे फोडत होते. कळ निघत नव्हती म्हणून स्वतःचंच मनगट सोलून घेत होते. सुपरवायझर टेबलाखाली शिरला होता. त्याला पायाला धरून बाहेर काढलं. तीन-चार गज एकदम त्याच्यावर पडत होते. तो हातांनी डोकं झाकत होता आणि "भैया, भैया" म्हणत होता. जबडा मोडल्यावर तेही शब्द थांबले.

मी मध्ये पडले. शौर्य वगैरे काही नव्हतं. तो माझ्या पायांशी पडला होता आणि मला हलता येत नव्हतं. "अरे, मर जाएगा ना वो!" मी ओरडले. मागून कोणीतरी म्हणालं, "यही है पट्टेवाली." मग माझ्या डाव्या खांद्यावर गज बसला. काडी मोडावी तसा आवाज झाला, माझ्या कानाजवळ. वेदना जाणवायच्या आधी मी जमिनीवर होते आणि तोंडात तेलाची चव होती. दुसरा गज पडला असता तर मी हे लिहायला उरले नसते. कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या एका बाईनं माझ्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. "औरत है, कमीनों!" ती ओरडत होती. तिच्या पाठीवर एक गज पडला. मग ते थांबले.

पोलीस आले आणि त्यांनी दिसेल त्याला झोडपलं. गज धरलेल्यांना, पळणाऱ्यांना, नुसत्या उभ्या असलेल्यांनाही. रुग्णवाहिकेत मला चढवत असताना गेटवर मी पाहिलं, बसमध्ये रोज आमच्या मागच्या सीटवर डुलक्या काढणारा एक म्हातारा कामगार रस्त्यावर पालथा पडला होता आणि लाठी त्याच्या पोटऱ्यांवर पडत होती.

माझ्या खांद्याचं हाड जोडून त्यात धातूची पट्टी बसवली गेली. घरी आल्यावर काही दिवस मी चांगली वागले नाही. कुकरची शिट्टी झाली की मी भिंतीला चिकटायचे. एकदा मुलगी मागून येऊन माझ्या गळ्यात पडली, तर मी तिला असं ढकललं की ती कपाटावर आपटली. ती रडली नाही. नवरा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आहे, शांत माणूस. तो म्हणाला, "नोकरी सोड. दुसरी मिळेल." मी त्याच्यावरही ओरडले.

मग आमच्या प्रमुखांचा फोन आला. विचारपूस झाली, आणि पाठोपाठ खरं काम. "पोलिसांना पट्ट्यांचा डेटा हवाय. कारखान्याचे लोक म्हणतात, मारामारीच्या वेळी सगळ्यांच्या हातात पट्टे होते. कोणाच्या हातानं मारलं ते त्यात असणारच. तू तो भाग लिहिलाय, तूच काढून दे."

"पट्टा हाताचा धक्का नोंदवतो. हात कशावर पडला ते नोंदवत नाही," मी म्हटलं.

"हो, पण सगळ्यात जोराचे धक्के कोणाच्या मनगटावर आहेत ते तर कळतं? त्यांनी एक नाव काढलंच आहे. फक्त तू जाऊन सही कर."

ते नाव सिवानच्या माणसाचं होतं. सुपरवायझर वाचला होता, पण त्याला बोलता येत नव्हतं. कॅमेरे फुटले होते आणि त्यांचं रेकॉर्डिंगही ऑफिसच्या तोडफोडीत गेलं होतं. कॉलर धरल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. आणि पट्ट्यातले सगळ्यात भयंकर धक्के, एकामागून एक, त्याच्याच मनगटावर नोंदलेले होते. घणानं सुपरवायझरचा जीव घेण्याचा प्रयत्न, असा आरोप त्याच्यावर लावला होता आणि तो कोठडीत होता. पहार धरणारा आणि आजूबाजूचे बाकीचे पळून गेले होते. साक्ष द्यायला पुढे येणाऱ्यालाच आत टाकतील अशी त्यांना भीती होती, आणि ती खोटी नव्हती.

मी चौकीत गेले तेव्हा माझा डावा हात झोळीत होता. चौकशी अधिकाऱ्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी त्याच्या दृष्टीनं मार खाल्लेली बाई होते, म्हणजे त्याच्या बाजूची. लॅपटॉपवर सिवानच्या माणसाच्या मनगटाचा आलेख उघडला. सपाट रेघ, आणि मग अचानक उंच उंच सुळके.

"ये देखिए मॅडम," अधिकारी म्हणाला. "कसाई की तरह मारा है."

"ये मशीन पर मारे हैं," मी म्हटलं. "मी तिथे होते." मराठी तोंडून निघून गेलं; मी पुन्हा हिंदीत सांगितलं. त्या बाईचं डोकं मी धरलं होतं, तो पहारेवर घण मारत होता, हात सोडवायला.

"आप सदमे में थीं. आपको ठीक से याद नहीं होगा."

मग मी दुसरा आलेख मागवला. प्रत्येक प्रेसच्या अंगावर आम्ही एकेक सेन्सर चिकटवला होता. मशीनची थरथर ऐकून बेअरिंग बिघडायच्या आधी सांगणं हे त्याचं काम. बॅटरीवर चालणारा असल्यामुळे वीज गेल्यावरही तो ऐकत राहिला होता. त्या प्रेसचा आलेख मी त्याच्या मनगटाच्या आलेखाखाली ठेवला. वर सुळका, खाली सुळका. वर सुळका, खाली सुळका. हात आदळत होता त्याच क्षणी मशीन हादरत होतं. एखाद्या लहान मुलालाही कळलं असतं.

अधिकारी पुढे झुकला. बोट ठेवून एकेक जोडी तपासत गेला. मग त्याचं बोट शेवटच्या सुळक्यावर थांबलं. वर सुळका होता. खाली, मशीनच्या आलेखात, काही नव्हतं.

"और ये आख़िरी वाला?"

हा प्रश्न येणार हे मला रात्रभर ठाऊक होतं. त्याच वेळी दारातून सिवानच्या माणसाला आत आणलं. तो पाय फरफटत चालत होता. तळवे टेकवताना चेहरा वाकडा होत होता. एक डोळा सुजून मिटला होता. उघड्या डोळ्यानं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. पण एक सुळका लपवला तर बाकीच्या सगळ्यांवरचा माझा शब्द गेला असता. आणि खरं सांगायचं तर, डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगायचं असं मी ठरवून आले होते.

"वो सुपरवायझर को मारा," मी म्हटलं. "हाथ से. एक बार. हाथ में कुछ नहीं था. फिर वो चला गया. जबड़ा दूसरों ने तोड़ा."

"दूसरे कौन?"

"चेहरों पर गमछे थे. मैं नहीं पहचानती."

अधिकाऱ्यानं आणखी एक गोष्ट विचारली, जराशा आपुलकीनं. माझ्या खांद्यावर कोणी मारलं? वेळ मला आठवत होती आणि त्या वेळी शेडमध्ये असलेल्या मनगटांचे आलेख त्याच लॅपटॉपमध्ये होते. त्यानं ते एकेक करून पडद्यावर आणले. त्यातल्या एकात एक एकटा, टोकदार सुळका होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. माझं हाड मोडतानाचा क्षण त्या रेघेत असावा. दात आवळले गेले. वाटलं, हाच, याला पकडा, यालाही तसंच झोडा. तो राग इतका खरा होता की टेबल धरून बसावं लागलं.

"यही है ना?" अधिकारी म्हणाला.

"मारनेवाला पीछे था. मैंने देखा नहीं," मी म्हटलं. "वो रॉड टेबल पर भी पड़ी हो सकती है."

त्यानं लॅपटॉप बंद केला.

घणाचा आरोप मागे घेतला गेला. ठोशाचा राहिला. काही आठवड्यांनी त्याला जामीन मिळाला. नोकरी गेलीच. कारखाना पुन्हा सुरू झाला, नव्या ठेकेदाराच्या नव्या कामगारांना घेऊन.

मी कामावर परतले तेव्हा ऑफिसात नव्या तुकड्याचं कौतुक चाललं होतं. आधीच्याहून निम्मा, टिकलीसारखा त्वचेला चिकटणारा. बॅटरी जवळपास नाहीच. अंगाची ऊब आणि हालचाल यांतूनच लागेल तेवढी वीज तो मिळवणार होता. सगळं ठरवायचं ते तुकड्यातच ठरणार होतं. थकला, पडला, धोक्यात आहे, असा एकच शब्द बाहेर पाठवायचा. कच्चे आलेख साठवायचे नाहीत, पाठवायचे नाहीत. त्यात वीज आणि जागा खर्ची पडते. सगळ्या जगात हे क्षेत्र याच दिशेला चाललंय, आणि त्यात चांगलंही पुष्कळ आहे, हे मला मान्य आहे. हृदयाचा ठोका चुकल्याचं असा तुकडा गावातल्या म्हाताऱ्यालाही सांगेल. पण आमच्या यादीत एक नवा शब्द आला होता. कारखान्यांकडून मागणी होती म्हणून. 'हल्ला.'

"हे शिकवायला तुझ्या घटनेचा डेटा उत्तम आहे," प्रमुख म्हणाले. खरंच उत्साहानं म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत.

"त्या डेटात ज्याला हा तुकडा हल्ला म्हणेल, तो एका बाईचा हात सोडवत होता."

"म्हणून तर जास्त डेटा हवा. शिकेल हळूहळू."

"आणि शिकेपर्यंत? तेव्हा माझ्याकडे ती रेघ होती. दुसऱ्या रेघेखाली ठेवून दाखवता आली. यात फक्त एक शब्द येणार. त्याच्याशी भांडायचं कसं?"

शेवटची काही मिनिटं तरी कच्ची साठवा, असा आग्रह मी धरला. वीज, जागा, किंमत. तीच उत्तरं आली. मीटिंगमध्ये माझा आवाज चढला, मी ग्लास आपटला, तो फुटला. त्यानंतर 'हल्ला' शिकवायचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि मला प्रेसच्या तोंडावरच्या पडद्याच्या कामावर टाकलं. तेलाची वाफ आणि माणसाचा हात यांतला फरक ओळखणारा पडदा आम्ही बनवतोय. तो उगाच थांबणार नाही, म्हणून कोणाला बंद करावासा वाटणार नाही, अशी आशा. अजून तो पुरेसा चांगला झालेला नाही. चावी मात्र आम्ही ठेवलेली नाही. पडदा बंद केला की प्रेसही बंद.

गेल्या हिवाळ्यात इटावाच्या त्या बाईला कृत्रिम हात बसवायचं ठरलं. दिल्लीतल्या एका केंद्रात तिला बोलावलं होतं आणि तिनं मला फोन केला. "दीदी, आप सेन्सरवाली हो, आप आओ." गेले, तर बाकावर तिच्या शेजारी सिवानचा माणूस बसला होता. तिचा नवरा गावी होता, म्हणून सोबतीला हा आला होता. मला बघून तो उठला आणि व्हरांड्यात गेला. मीही मागे गेले.

"मुक्का क्यों बताया?" तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. थेट ठोशाचंच.

"उसने पूछा था."

"आप बोल देतीं पता नहीं. केस ख़तम हो जाता. अब हर तारीख़ पर गुरुग्राम आना पड़ता है."

"झूठ बोलती तो घनवाली बात भी कोई नहीं मानता."

"वो आपका हिसाब है," तो म्हणाला. त्याचा तो डोळा अजूनही नीट उघडत नव्हता. मूठ वळलेली होती आणि क्षणभर मला वाटलं तो मला मारणार. "उस दिन आपने उसका सिर पकड़ा था, मैंने देखा था. इसलिए हाथ नहीं उठाता." एवढं बोलून त्यानं भिंतीवर मूठ आपटली आणि आत निघून गेला. पुन्हा आमचं बोलणं झालं नाही.

आत तिच्या कोपराखालच्या त्वचेवर बारीक सेन्सर चिकटवले होते. मूठ वळायचा नुसता विचार केला तरी उरलेले स्नायू किंचित ताणले जातात. ती हालचाल सेन्सर ओळखतात आणि प्लास्टिकची बोटं मिटतात. तंत्रज्ञानं तिच्यापुढे पाण्यानं भरलेला कागदी पेला ठेवला. "हल्के से पकड़िए."

बोटं सावकाश पेल्याभोवती आली. तिच्या कपाळावर घाम होता. ती मला म्हणाली, "दीदी, उँगलियाँ अभी भी दुखती हैं, जो नहीं हैं वो भी," आणि पेला चिरडला गेला. पाणी टेबलभर सांडलं, तिच्या साडीवर आलं.

"कोई बात नहीं. फिर से."

दुसरा पेला. चिरडला. तिसऱ्याला ती थांबली, डोळे मिटले, दात आवळले, आणि ती बोटं इतक्या जोरात मिटली की पेल्याचा गोळा झाला आणि मूठ उघडेना. आतली मोटर घुरघुरत राहिली. तंत्रज्ञ घाबरून बटण शोधू लागला.

"रहने दो," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. त्या बंद मुठीकडे ती बघत होती, मनगट वळवून, सगळ्या बाजूंनी. मग तिनं ती मूठ उचलली आणि टेबलावर हाणली. टेबल हादरलं, उरलेले पेले उडाले. सिवानचा माणूस भिंतीशी उभा होता, तो दचकला. तिनं पुन्हा हाणली, आणखी जोरात, आणि मग ती रडायला लागली, पण मूठ आपटणं थांबवलं नाही. मी उठून तिचं डोकं धरलं. तंत्रज्ञाला म्हटलं, "ज़रा रुकिए. बटन मत दबाइए." तो थांबला, आणि ती दमेपर्यंत आम्ही तिला मारू दिलं.